वन, रान आणि आच्छादन

सरकारी अहवालाला कोणी ग्रंथ म्हणत नाही. त्याचे परीक्षण वाङ्मयविषयक नियतकालिकात यावे अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. अहवालातील एखादा आकडा वृत्तपत्रात येतो, तेथून सामान्यज्ञानाच्या पुस्तकात जातो आणि मुले तो पाठ करतात. 'देशाचे वनाच्छादन किती टक्के?' हा प्रश्न आमच्या शाळेतील आठवीचा मुलगाही झोपेत सोडवील. ज्या वाक्यांमधून हा आकडा निघाला ती वाक्ये मात्र कोणी वाचलेली नसतात. प्रस्तुत लेखकानेही ती अनेक वर्षे वाचलेली नव्हती, आणि त्याचे काय झाले ते पुढे सांगावयाचेच आहे. परंतु ज्या लेखनातील एका व्याख्येवर लक्षावधी चौरस किलोमीटर सार्वजनिक भूमीचे बरेवाईट ठरते, ते लेखन शब्दांची पारख करणाऱ्यांनी वाचावयाचे नाही, तर कोणी वाचावयाचे?

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. २०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये दोन खंडांत बाहेर पडला. त्यानुसार देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के आहे. त्यात वनाबाहेरील वृक्षाच्छादन मिळविले की बेरीज २५.१७ टक्क्यांवर जाते. १९५२ च्या वननीतीने आणि पुन्हा १९८८ च्या वननीतीने एक-तृतीयांश भूमी वनाखाली असावी असे उद्दिष्ट ठेवले होते. त्यामुळे दर दोन वर्षांनी हा आकडा किंचित वर सरकला की समाधान व्यक्त होते. पुरवणी परीक्षेला बसलेल्या मुलाच्या पालकांसारखी आपली दृष्टी त्या तेहतीसवर खिळलेली असते.

आधी अहवालाचे गुण सांगितले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. १९८७ च्या पहिल्या अहवालात उपग्रहाची चित्रे डोळ्यांनी वाचून नकाशा केला होता आणि त्यात चारशे हेक्टरांहून लहान तुकडा दिसतच नव्हता. २००१ पासून सबंध देशाची गणना संगणकाने होऊ लागली आणि एक हेक्टरापर्यंतचा तुकडा नोंदला जाऊ लागला. अंदाजाच्या जागी मोजणी आणणे ही लहान गोष्ट नव्हे. अहवालात वणव्यांची नोंद असते, खारफुटीची असते, लाकडाच्या साठ्याची असते. २०१९ च्या अहवालात तर वनप्रकारांनुसार वनस्पतींच्या विविधतेची एक धावती पाहणीही होती. म्हणून या संस्थेच्या परिश्रमाविषयी येथे तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या मध्यवर्ती शब्दाविषयी.

वनाच्छादनाची अहवालातील व्याख्या थोडक्यात अशी : एक हेक्टर वा त्याहून मोठी, झाडांच्या छत्राने दहा टक्के वा अधिक झाकलेली कोणतीही जमीन, मग तिची मालकी, तिचा कायदेशीर दर्जा आणि तीवरील झाडांची जात काहीही असो. हा 'काहीही असो' व्याख्येचा प्राण आहे. मालकी काहीही असो हे एक वेळ समजू शकते. उपग्रहाला सातबारा वा फॉर्म एक-चौदा वाचता येत नाही. पण जात काहीही असो? काजूची बाग, नारळाचे भाट, रबराची लागवड, निलगिरीच्या रांगा आणि सह्याद्रीचे सदाहरित अरण्य ही सगळी या व्याख्येत एका पंगतीला बसतात. पुढे घनतेनुसार त्यांची वाटणी होते : सत्तर टक्क्यांवर अतिदाट, चाळीस ते सत्तर मध्यम दाट, दहा ते चाळीस विरळ, आणि दहाच्या खाली झुडुपी. प्रतवारी सगळी छत्राची. छत्राखाली काय आहे हा प्रश्न तीत विचारलेलाच नाही.

आता आपल्या गोमंतकाकडे पाहावे. २०२१ च्या अहवालानुसार गोव्याचे वनाच्छादन २,२४४ चौरस किलोमीटर होते. राज्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटर भूमीच्या ते ६०.६२ टक्के भरते. हा आकडा वाचून कोणाही गोमंतकीयाची छाती फुगावी. परंतु त्याच अहवालमालेत गोव्यातील नोंदलेली वनभूमी, म्हणजे कागदोपत्री जिला सरकार वन म्हणते ती, सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास दिली आहे. मग उरलेले हजारभर चौरस किलोमीटर वन आले कोठून? ते खासगी डोंगरउतारांवरून आले, काजूच्या बागांतून आले, कुळागरांतून आणि नारळीच्या भाटांतून आले. त्यात खरेखुरे रानही आहे, मोठ्या प्रमाणावर आहे. पण ते किती, हे बेरीज सांगत नाही. आणि त्या २,२४४ पैकी १,१३० चौरस किलोमीटर, म्हणजे निम्म्याहून अधिक, 'विरळ' या प्रतीत मोडते.

येथवर हा प्रश्न केवळ मापनाचा वाटेल. तो भाषेचा कसा होतो ते आता पाहू. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात असा आदेश दिला की, 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात आहे तोच घ्यावयाचा. भूमी कोणाच्याही मालकीची असो. कोशवाङ्मयाचा असा सन्मान न्यायासनाकडून क्वचितच झाला असेल. २०२३ साली वन संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाल्यानंतरही, १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने तूर्त हाच कोशार्थ पाळावयास सांगितले. पण कोशातील अर्थ जमिनीवर उतरवावयाचा तर निकष लागतात. गोव्यात १९९६ नंतर खासगी वने हुडकण्यासाठी प्रथम सावंत समिती आणि नंतर करापूरकर समिती नेमली गेली. त्यांच्या कामासाठी ठरलेले निकष तीन : क्षेत्र किमान पाच हेक्टर असावे, पंचाहत्तर टक्के झाडे वनजातीची असावीत, आणि छत्राची घनता चाळीस टक्क्यांहून कमी नसावी. या निकषांवर वर्षानुवर्षे वाद चालला आणि अखेर जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसे व वैध ठरविले.

वाचकांनी हे दोन मापदंड शेजारी ठेवून पाहावेत. देशापुढे आणि जगापुढे आकडा मांडताना एक हेक्टर आणि दहा टक्के छत्र एवढ्यावर वन होते, जातीची अट नाही. तेच खासगी रान तोडण्यापासून वाचवावयाचे असेल तर पाच हेक्टर लागतात, चाळीस टक्के छत्र लागते आणि झाडांना जातीचा दाखला द्यावा लागतो. मोजताना उदार आणि राखताना कृपण अशी ही दोन मापे आहेत. वाण्याने घ्यावयाचे आणि द्यावयाचे माप वेगळे ठेवले तर गावात बोभाटा होतो. येथे दोन्ही मापे राजरोस छापलेली असून कोणी हटकत नाही, कारण दोन्ही ठिकाणी शब्द एकच वापरलेला आहे : वन. दोन्ही मापांना आपापली कारणे आहेत हे मला मान्य आहे. एक सर्वेक्षणासाठी आहे, दुसरे नागरिकाच्या मालमत्तेवर बंधन घालण्यासाठी. बंधन घालताना कसोटी कडक असावी असे कायदेपंडित म्हणतील आणि ते रास्तही असेल. पण मग पहिल्या मापाने मोजलेल्या भूमीला 'वन' म्हणण्याचा हक्क राहत नाही. तिला 'वृक्षाच्छादित भूमी' म्हणावे आणि मोकळे व्हावे.

राष्ट्रीय पातळीवर याची दुसरी बाजू दिसते. २०२३ च्या अहवालात नोंदलेली वनभूमी ७,७५,३७७ चौरस किलोमीटर आहे आणि तिच्या सीमांच्या आत वनाच्छादन आढळले ५,२०,३६५ चौरस किलोमीटर. म्हणजे सरकारी वनांच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर दहा टक्केदेखील छत्र नाही. हे वाचून पहिला विचार येतो तो वृक्षतोडीचा, अतिक्रमणाचा. तो काही अंशी बरोबरही असेल. पण वनखात्याच्या ताब्यातील कित्येक भूमी मुळातच वृक्षांच्या नव्हत्या. हिमाच्छादित शिखरे आहेत, वाळवंटे आहेत, दख्खनचे माळ आहेत, कोकण-गोव्याचे कातळसडे आहेत. उजाड झालेले अरण्य आणि निकोप माळ या दोहोंना हा आकडा एकाच खाली बाजूला टाकतो. एक आजारी आहे आणि दुसरा धडधाकट. तपासणाऱ्याने दोघांनाही उंची कमी म्हणून नापास केले आहे.

माझी स्वतःची चूक येथे सांगणे प्राप्त आहे. आमची शाळा पेडणे तालुक्यात सड्याच्या कडेला आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार, हे इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांसाठी सांगतो. मार्गशीर्षानंतर तो करपलेला, काळसर दिसतो; वैशाखात त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. मी त्या वेळी साहाय्यक शिक्षक होतो आणि नव्यानेच निघालेल्या हरित सेनेची जबाबदारी माझ्याकडे आली होती. एका कार्यालयाने अकेशियाची रोपे फुकट दिली. दोन पावसाळ्यांत मुलांनी कातळाच्या फटी शोधून, पहारीने खड्डे मारून सोळाशे रोपे लावली. ऑस्ट्रेलियाकडची ही जात चिवट. गुरे तिला तोंड लावीत नाहीत. बहुतेक रोपे जगली. आम्हाला तालुक्याची ढाल मिळाली. ती अद्याप माझ्या कार्यालयात कपाटावर आहे. 'उजाड सड्यावर फुलले नंदनवन' असा मथळा असलेले कात्रणही तिच्या शेजारी चिकटविलेले आहे, आणि मथळ्यातील विशेषण मीच पुरविले होते.

दहाबारा वर्षांनी चतुर्थीच्या आदल्या दिवशी वाड्यावरची एक म्हातारी शाळेच्या पायरीवर येऊन बसली. डोंगरात जाऊन माटोळीचे सामान आणण्याचे काम तिच्या घरात तिच्याकडे होते. म्हणाली, "मास्तर, तुमी सड्यार सावळी केली खरी, पूण आमच्यो घागऱ्यो व्हेल्यो." घागऱ्या म्हणजे वाऱ्याने शेंगा वाजणारी ती पिवळ्या फुलांची रोपटी. सड्याच्या गवतात ती आपोआप येत. आता अकेशियाखाली वाळक्या पानांचा वीतभर थर बसला होता आणि त्याखालून काहीही वर येत नव्हते.

त्यानंतर मी प्रथमच श्रावणात सड्यावर डोळे उघडे ठेवून हिंडलो. आमच्या लागवडीच्या पलीकडे, जेथे कातळ मोकळा होता तेथे. आषाढात कातळाच्या खळग्यांत पाणी साचते, त्याच्या कडेने बोटभर मातीत गेंदाची पांढरी बोंडे उभी राहतात. किडे धरून खाणारी दवबिंदू वनस्पती लाल ठिपक्यासारखी पसरते. सीतेच्या आसवांची निळी झाक दिसते. तेरडा येतो, सोनकी येते, आणि भाद्रपद संपता संपता सगळे बी टाकून नाहीसे होते. साताऱ्याचे कास पठार याच जांभ्याच्या जातीचे, अधिक उंचीवरचे भावंड. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कास आहे. तेथे लोक तिकीट काढून फुले पाहावयास जातात. आमच्या सड्यावर आम्ही पहार चालविली.

आणि अहवाल? उपग्रहाची चित्रे वनगणनेसाठी प्राधान्याने ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील घेतली जातात, कारण तेव्हा आकाश निरभ्र असते आणि पानगळीच्या झाडांवर पाने असतात. वृक्ष मोजावयाचे तर ही निवड अगदी योग्य. पण सड्याचा संसार ढगांच्या दिवसांत सुरू होऊन ढगांबरोबर संपतो. उपग्रह येऊन पाहतो तेव्हा पाहुणे निघून गेलेले असतात आणि मांडव तेवढा उरलेला असतो. मग त्या भूमीला वनेतर म्हणावयाचे, पडीक जमिनींच्या नकाशात 'नापीक खडकाळ' या रकान्यात घालावयाचे, आणि तेथे काही तरी उपयुक्त उभारावयाचे. आमचा अकेशियाचा तुकडा मात्र हेक्टराहून मोठा आहे आणि त्याचे छत्र दहा टक्क्यांच्या पुष्कळ वर आहे. तेव्हा गोव्याच्या त्या साठ टक्क्यांत आमच्या शाळेचाही वाटा असला पाहिजे. जे नष्ट करून आम्ही ढाल मिळविली, त्याची अहवालात वजाबाकी नाही. जे लावले त्याची बेरीज आहे. (अकेशियाने वाड्याला पंधरा वर्षे सरपण पुरविले, हेही नोंदवितो. चुलीपुढे बसणाऱ्या बायका मला अद्याप दुवा देतात, आणि तो नाकारण्याचे धैर्य मला होत नाही.)

सड्याला रिकामा समजण्याचे पाप सरकारी कागदांचे एकट्याचे नाही. आपली साहित्यभाषा त्यात पुरेपूर सामील आहे. मराठी कथा-कवितेत वैराण आयुष्याची उपमा कशाशी दिली जाते? उजाड माळाशी. एकटेपणा दाखवावयाचा, ओसाड माळ. समृद्धी दाखवावयाची, हिरवीगार वनराई. पाठ्यपुस्तकातील निबंधांत माळ दिसला की त्यावर वृक्षारोपण होते, आणि मी स्वतः तीस वर्षे त्या निबंधांना चांगले गुण देत आलो आहे. 'पडीक' हे विशेषण तर आपण असे वापरतो की जणू ती जमीन कोणी हातातून टाकून दिलेली आहे. गायरान, कुरण, माळ यांना स्वतःचा जीव आहे. त्यांवर माळढोक, धाविक, काळवीट, लांडगा यांची गुजराण होते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली या विस्तीर्ण गवताळ मुलखासाठी निघाले. पण तेथेही 'अभयारण्य' या शब्दात अरण्य आहेच, आणि अरण्य म्हटले की कोणाला तरी झाडे लावावीशी वाटतात. कर्नाटकातील राणेबेन्नूरच्या काळवीट अभयारण्यात गवताळ माळावर निलगिरी उभी राहिली. एके काळी तेथे दिसणारा माळढोक आज तेथे नाही. आच्छादनाच्या हिशेबात तो निलगिरीचा मुलूख जमेच्याच बाजूला पडतो.

दुर्गाबाई भागवत जन्माने इंदूरच्या, म्हणजे आपल्या या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलखाच्या. त्यांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाच्या रचनेकडे मी येथे केवळ पद्धती म्हणून लक्ष वेधतो. ते महिन्यामहिन्याने चालते. तीच झाडे, तेच आकाश, तीच पाखरे बाराही महिने पाहिली जातात. भूमीची प्रकृती एकदा नाडी पाहून कळत नाही, हे त्या रचनेत गृहीत आहे. अहवालकारांनी ललितलेखन करावे असा माझा आग्रह नाही. पण वर्षातून एकाच ऋतूत, वरून, एकाच लक्षणावर केलेल्या परीक्षेला 'स्थिती' हे नाव देताना त्यांनी अडखळावयास हवे होते.

छत्र दाट असले म्हणजे तरी सर्व कुशल असते काय? सत्तरीतील बांबर गावी निरंकाराची राई आहे. निराकार देवाच्या नावाने राखलेली ही देवराई रानजायफळाच्या दलदलीची आहे. जमिनीतून गुडघ्यासारखी वर आलेली मुळे, खाली संथ पाणी, वर काळोखे छत्र. अशा दलदली पश्चिम घाटात तुरळक उरल्या आहेत. उपग्रहाच्या नजरेत या राईचा ठिपका आणि शेजारच्या डोंगरावर दाटीने वाढविलेल्या एखाद्या लागवडीचा ठिपका सारख्याच हिरव्या रंगाचे. त्यांतील एक पुन्हा लावता येईल, दुसरा येणार नाही, हा भेद त्या रंगात नाही. तो गावकऱ्यांनी राईला दिलेल्या नावात आहे.

किंवा म्हादई अभयारण्याचे घ्या. १९९९ साली घोषित झालेल्या या २०८ चौरस किलोमीटरांच्या अभयारण्यात जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले आढळले. चार वाघ मेल्याने छत्र विरळ होत नाही. मार्च २०२३ मध्ये याच परिसरात दिवसेंदिवस वणवे पेटत राहिले. वणव्यांची तरी अहवालात वेगळी नोंद असते. वाघांची गणना दर चार वर्षांनी स्वतंत्र होते आणि तिचा इतिहास येथे उद्बोधक आहे. पूर्वी ठशांवरून वाघ मोजीत. राजस्थानातील सरिस्क्यात अशा गणनेने कागदावर वाघ नांदत होते, आणि २००५ च्या सुमारास शोध घेतला तेव्हा एकही सापडला नाही. त्या नामुष्कीनंतर पद्धत बदलली, २००६ पासून छायाचित्रांच्या आधारे गणना होऊ लागली. माप चुकले असे एकदा जाहीरपणे मान्य झाले की नवे माप शोधता येते. छत्राच्या मापाविषयी तशी कबुली अद्याप व्हावयाची आहे.

अभयारण्यांच्या व्यवस्थापनाचीही एक तपासणी होते. तज्ज्ञांचे पथक जाते, अनेक मुद्द्यांवर गुण देते आणि शेवटी अतिउत्तम, उत्तम, साधारण, असमाधानकारक अशा चार पायऱ्यांपैकी एक ठरते. शाळा-तपासणीची ज्याला सवय आहे त्याला हे वाचताना हसू आवरणे कठीण. आमच्याकडे तपासनीस येतात तेव्हा पटसंख्या, टाचणवह्या, स्वच्छतागृहे, बैठकींची इतिवृत्ते सर्व पाहतात. पाचवीतल्या मुलाला वाचता येते की नाही हे पाहावयास बहुधा वेळ उरत नाही. तपासणी निरर्थक असते असे नव्हे. मनुष्यबळ नाही, निधी नाही, आराखडा नाही, हे कोणी तरी लिहून ठेवावयासच हवे. पण कार्यालयाची प्रकृती आणि रानाची प्रकृती या दोन गोष्टी आहेत.

मग काय हवे? मारुती चितमपल्लींचे उदाहरण माझ्यासमोर आहे. ते जून २०२५ मध्ये गेले. आयुष्यभर वनाधिकारी म्हणून त्यांनी सरकारी कागद लिहिले असतील, आणि त्याच वेळी आदिवासींकडून, फासेपारध्यांकडून, जुन्या ग्रंथांतून रानाचे शब्द वेचले. कावळ्यांच्या वसतिस्थानाला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीत रूढ केले. त्या शब्दांकडे आपण सौंदर्याच्या दृष्टीने पाहिले आणि कौतुक केले. वस्तुतः त्यांचे मोल निराळे आहे. सारंगागार हा शब्द ज्याच्यापाशी आहे त्याला झाड तोडण्यापूर्वी त्यावर काय आहे हे विचारावे लागते. 'वृक्षाच्छादन' हा शब्द ज्याच्यापाशी आहे त्याला एक झाड तोडून दुसरीकडे दहा लावता येतात.

आपल्या भाषेत भूमीच्या अवस्थांना नावे कमी नाहीत. अरण्य वेगळे, राई वेगळी, देवराई वेगळी. देशावरचा शेतकरी शेतालाच रान म्हणतो. गोव्यात कुळागर, भाट, खाजन आणि सडा ही चार नावे म्हणजे चार वेगवेगळ्या जमिनी, चार वेगवेगळी पाणी-व्यवस्था आणि चार वेगवेगळे हक्कदार. सीमाभागातील खानापूर-जांबोटीकडच्या शिक्षकांना त्यांची निराळी नावे ठाऊक असतील. बडोदेकरांना गीरच्या आणि कच्छच्या गवताळ मुलखाची. या नावांत जमिनीची परीक्षा आधीच झालेली आहे. आपल्या अकादमीने परिभाषा-समिती नेमून 'कॅनपी डेन्सिटी'ला प्रतिशब्द घडविण्यापेक्षा ही नावे स्थळासह, अर्थासह आणि कोणाच्या तोंडून ऐकली यासह गोळा करावीत, अशी सूचना मी या लेखाच्या निमित्ताने करतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत लोकांची नोंदवही असावी असे सांगितलेच आहे. अनेक ठिकाणी त्या वह्या मुदत संपत आली म्हणून घाईने भरल्या गेल्या; त्यांत गावची भाषा शोधूनही सापडत नाही. तेथे शिक्षकाला करण्यासारखे काम आहे.

आम्ही शाळेत गेली तीन वर्षे एक प्रयोग करतो. गणपतीच्या डोक्यावर बांधावयाच्या माटोळीत रानातील फळे, फुले, वेली लागतात, आणि त्या नेमक्या लागतात. एकाच्या जागी दुसरी चालत नाही. गावाने दरवर्षी भाद्रपदात आपल्या डोंगराची केलेली ती पाहणीच म्हणावी, फक्त तिचा अहवाल कोणी लिहीत नव्हते. चतुर्थीच्या सुटीनंतर आठवी-नववीची मुले वहीत लिहून आणतात : माटोळीत काय काय होते, त्याला घरात काय म्हणतात, ते कोठून आणले, आणि आजी-आजोबांच्या लहानपणी ते कोठे मिळे. कांगलां, कवंडळ, शेरवड, कळलावी अशी नावे एकेका वहीत चार चार प्रकारे लिहिलेली येतात. मी ती दुरुस्त करीत नाही. 'कोठून आणले' या रकान्यात 'म्हापशाचा बाजार' हे उत्तर वर्षागणिक वाढते आहे, आणि घागऱ्यांपुढे तर जवळजवळ सर्वांनी तेच लिहिले आहे.

गेल्या भाद्रपदात एका मुलीने मात्र लिहिले : सड्याच्या पलीकडच्या टोकाला, अकेशिया संपतात तेथे. दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या धाकट्या भावाला घेऊन मी गेलो. घागऱ्या होत्या, शेंगा अजून ओल्या होत्या, वाजत नव्हत्या. त्यांच्यामध्येच आमच्या लागवडीचे बी उडून पडून वीतभर उंचीची अकेशियाची रोपे उगवलेली होती. आम्ही तिघांनी ती उपटावयास सुरुवात केली. मुलीच्या भावाने विचारले, "मास्तर, हीं आमच्याच इस्कोलान लायिल्लीं न्हूं?" मी होय म्हटले.